पासष्टचा चार्जर

माझे वडील गरम वस्तूला कधी तळहात लावत नाहीत. हात उलटा करून बोटांची मागची बाजू टेकवतात. लहानपणी मला ताप आला की असंच बघायचे, आणि विहिरीवरच्या मोटरलाही तसंच. मोटरच्या अंगात करंट उतरला असेल तर उलटा हात झटक्याने मागे येतो, सुलटा हात मात्र तिथेच मूठ आवळून बसतो, हे त्यांनी मला तिसरी-चौथीत सांगितलं होतं. शाळेत विजेचा धडा यायला अजून बराच अवकाश होता.

मागच्या हिवाळ्यात त्यांनी तो उलटा हात माझ्या लॅपटॉपच्या चार्जरला लावला आणि आमच्या घरात भांडण सुरू झालं.

आधी मी तिथे कशी पोचले ते सांगते. पोळ्याच्या आठवड्यात वडिलांना हार्ट अटॅक आला. यवतमाळच्या दवाखान्यात नऊ दिवस काढले. सुटी देताना डॉक्टर म्हणाले, हृदयाचं पंपिंग पस्तीस टक्क्यांवर आलं आहे, घाबरू नका, चाला, थोडंफार काम करा, पण थोडं केलं की आडवं व्हा. दिवसातून तीन-चार वेळा तरी. वडिलांनी मान डोलावली. पंचनाम्याला आलेल्या साहेबापुढे डोलावतात तशी. घरी आल्यावर त्यातलं त्यांनी काहीही केलं नाही. सकाळी गोठा, मग शेताकडे चक्कर, मग पारावर, दुपारी पुन्हा शेत. शेत यंदा बटईने, अर्ध्या वाट्याने, शेजाऱ्याला दिलं होतं, म्हणजे यांचं तिथे काही काम नव्हतं. तरी जायचे. दिवसा खाटेवर पडलेला माणूस त्यांच्या हिशेबी एक तर आजारी असतो नाहीतर आळशी, आणि यांना दोन्ही व्हायचं नव्हतं.

आई जाऊन सहा वर्षं झाली. भाऊ हैदराबादला असतो. त्याच्याकडे तिसऱ्या मजल्यावरचं घर आहे, लिफ्ट आहे, दवाखाना पाच मिनिटांवर आहे, आणि तो मनाने चांगला आहे. वडील एकदा त्याच्याकडे अकरा दिवस राहून आले होते. परतल्यावर कसं होतं विचारलं तर एवढंच म्हणाले, की तिथे दिवसभर दार लावून ठेवावं लागतं. पुन्हा जायचं नाव काढलं नाही.

मी यवतमाळला एकटी राहते. त्यामुळे 'तुला काय, तू मोकळी आहेस' हे वाक्य आमच्या नात्यात सगळेजण सहज वापरतात. मी एका छापखान्यासाठी मराठी टायपिंग आणि पानं लावायचं काम करते. लोकांची पुस्तकं, स्मरणिका, प्रबंध. फोनवर भाऊ म्हणाला, तू होळीपर्यंत बाबांकडे राहा, काम तिथूनच कर. मी हो म्हटलं. मग त्याने पुढचं सांगितलं. नाताळात तो येणार होता. तोवर माझं काम गावातून नीट चाललं तर ठीक. नाही चाललं, मला यवतमाळला परतावं लागलं, तर तो बाबांना एकटं ठेवणार नव्हता. येताना गाडी घेऊन येणार आणि जाताना त्यांना घेऊन जाणार. मला हेही कबूल करावं लागलं, कारण तो चुकीचं काही बोलत नव्हता. वडिलांना यातलं आम्ही काही सांगितलं नाही. म्हाताऱ्या माणसांबद्दलचे ठराव त्यांना न विचारताच पास करायची घरोघरी पद्धत असते.

दिवाळी झाली आणि मी बॅग आणि लॅपटॉप घेऊन गावी आले. गाव पांढरकवड्यापासून एसटीने पाऊण तास.

आता लॅपटॉपबद्दल. तो तेरा वर्षांचा आहे, वजनाला पाट्यासारखा. नवा घे, असं मला सगळे सांगतात. पण छापखान्याचं जुनं मराठी सॉफ्टवेअर आणि त्याचे फॉन्ट त्याच्यावरच चालतात. नव्या यंत्रावर टाकलं की जोडाक्षरं फुटतात, रफार कुठेतरी भटकत जातो. म्हणून आम्ही दोघं एकमेकांना सांभाळून आहोत. बॅटरी मी दोन वर्षांपूर्वी बदलली, त्याचा चार्जर मात्र मूळचाच होता, नव्वद वॉटचा, वायरीला दोन ठिकाणी काळी टेप गुंडाळलेला. गावी आल्यावर तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी त्यातून बारीक चर्र आवाज आला, जळका वास आला, आणि तो गेला.

त्या वेळी माझ्या हातात एका निवृत्त मास्तरांचं साडेतीनशे पानांचं हस्तलिखित होतं. छापखानेवाल्यांनी बजावलं होतं, की पंधरा डिसेंबरला पुस्तक हातात पाहिजे, नाहीतर ते काम यवतमाळातच दुसऱ्याला जाईल. आणि एकदा दुसऱ्याला गेलं की पुढची कामंही त्याच्याकडेच जातात. हा धंदा मला ठाऊक आहे. म्हणजे त्या मेलेल्या चार्जरला लोंबकळून माझं काम होतं, माझ्या कामाला लोंबकळून माझा मुक्काम होता, आणि माझ्या मुक्कामाला वडिलांचं घर.

दुसऱ्या दिवशी पांढरकवड्याला गेले. बसस्टँडजवळ मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. दुकानदार माझ्याच वयाचा, शांत माणूस. त्याने खालच्या खोक्यातून चार्जरांचा गुंता काढला, एकेक पिन लावून बघितली, आणि शेवटी एक बारका चार्जर पुढे केला.

"नव्वदचा नाही भेटत ताई आता. हा पासष्टचा आहे. पिन तेच, व्होल्ट बी तितकेच."

"चालेल का?"

"चालन. पन दमानं चालन. मशीनले काई होत नाही. हा चार्जर मात्र तापन."

नव्वदचा नागपूरहून मागवतो म्हणाला, पण जुनं मॉडेल आहे, महिना-दीड महिना धरून चाला. मी पासष्टचा घेऊन आले.

तो लावून लॅपटॉप सुरू केला की आधी काळ्या पडद्यावर इंग्रजीत एक सूचना यायची. जोडलेला चार्जर कमी शक्तीचा आहे, यंत्र सावकाश चालेल, बॅटरी भरणार नाही. एक बटण दाबून ती बाजूला सारायची आणि पुढे जायचं. यंत्र खरंच सावकाश चालायचं. मी एक ओळ टाइप करून थांबायचे आणि अक्षरं मागून एकेक करून यायची. बॅटरी भरणं तर सोडाच, चार्जर लावलेला असूनही ती हळूहळू उतरायची. लॅपटॉप पुरता बंद केला तरच चार्जरला वरचढ होता यायचं, आणि मग ती भरायची. हे गणित मला दोन दिवसांत समजलं. मी ठरवलं की चिडचिड करायची नाही. ठरवलं होतं, असं म्हणू या.

चौथ्या दिवशी मी भाकरी टाकायला स्वयंपाकघरात गेले, परत आले तर पडदा काळा. लाइट गेली म्हणावं तर पंखा फिरत होता. चार्जर भिंतीतून निघालेला, आणि खिडकीच्या गार दगडावर व्यवस्थित ठेवलेला. माझाच पाय अडकून निघाला असेल आणि वडिलांनी उचलून ठेवला असेल, अशी मी समजूत घातली. दिवसभर काम करून बॅटरी तळाला गेलेली असायची, प्लग निघाला की यंत्र मिनिटभरात बंद पडायचं. त्या सॉफ्टवेअरमध्ये काम आपोआप जपलं जात नाही, आपण सेव्ह केलं तेवढंच राहतं. चार पानं गेली.

दोन दिवसांनी पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी मी परसात धुणं वाळत घालत होते. खिडकीतून बघितलं, तर वडील माझ्या टेबलाशी वाकलेले. उलटा हात चार्जरला लावला, मान हलवली, आणि प्लग काढला. इतक्या हळुवारपणे, की मला आधी राग आलाच नाही. मग आत जाऊन पडदा बघितला. त्या दिवशी अकरा पानं गेली होती.

"बाबा, हे तुमी काढून राह्यले होते?"

"हो. केवढं तापलं होतं. हात लावून पाह्य."

"तापतेच ते. तापू द्या."

"तापू द्या कशी म्हनते? एका हंगामात दोन मोटरी जाळल्या म्या. तुले का मालूम."

मला मालूम होतं. तो हंगाम मला आठवतो. रब्बीचा गहू होता आणि लाइन सतत डिम यायची. लाइन डिम असली की मोटर जोर लावते, जोर लावला की तापते, तापली की आतलं वाइंडिंग जळतं. मोटर भरून आणायला बैलगाडीत घालून नेली होती, दोनदा. त्या गव्हाला पाणी कमी पडलं. तेव्हापासून कमी करंटवर मशीन चालवणं म्हणजे ती मारणं, हे त्यांच्या हाडात बसलेलं. आणि मोटरच्या बाबतीत ते अगदी खरं आहे.

मी त्यांना समजावायला लागले. व्होल्ट वेगळे, वॉट वेगळे, इथे व्होल्ट पुरेसे आहेत, फक्त वॉट कमी आहेत. मधेच अँपिअरही आणले. माझा आवाज चढत गेला. ते माझ्याकडे असे बघत होते, की पोरगी शिकली पण मोटर कधी चालवली नाही. मग मी बोलू नये ते बोलले. दहावीनंतर मला आयटीआयला जायचं होतं, इलेक्ट्रिशियनला. पोरीच्या जातीने खांबावर चढायचं का, म्हणून यांनीच मला टायपिंगच्या क्लासला घातलं होतं.

"आयटीआय करू दिलं असतं तं आज माह्यं ऐकलं असतं तुमी."

ते चार्जर खिडकीच्या गार दगडावर ठेवायला वळले. आणि त्यांचं ते वळणंच मला पुढे ढकलत गेलं.

"हे काम बुडालं तं मले परत जावं लागन. अन् तुमाले हैदराबादले. दादा नाताळात गाडी घेऊनच येऊन राह्यला."

त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या टोकाला पुसला, परत घातला.

"कोनं ठरोलं?"

"आमी दोघायनं."

"मले नाही इचारलं," असं ते म्हणाले. तक्रार करून नाही. बस हुकल्यावर माणूस स्वतःशी बोलतो त्या आवाजात. मला त्या क्षणी स्वतःची लाज वाटली, आणि लाज वाटली की मी आणखी तुसडेपणा करते, म्हणून मी अकरा पानं पुन्हा टाइप करायला बसले.

यंदा पाऊस लांबला होता, त्यामुळे कापसाची पहिली वेचणी दिवाळी उलटून गेल्यावर निघाली. वेचणीच्या पहिल्या दिवशी धुऱ्याजवळ, शेताच्या बांधाशी, दहीभात ठेवून सीतादही करतात. आमच्याकडे ते आई करायची, आई गेल्यापासून वडील. शेत बटईने दिलं तरी सीतादही आपली, असं ते शेजाऱ्याला सांगून बसले होते. मी सोबत येते म्हणणार होते. पण भांडणाच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी मी उठले तेव्हा डब्यात भात नव्हता, दह्याचं गाडगं नव्हतं आणि वडील नव्हते.

दहाच्या सुमारास शेजारी त्यांना मोटरसायकलवर बसवून घेऊन आला. चेहरा राखेसारखा, शर्ट घामाने भिजलेला, श्वास लागलेला. पूजा झाली होती. कपाळाला कुंकू होतं, मुठीत कापसाचं एक बोंड होतं, आणि ते सोडत नव्हते. डॉक्टरांना फोन केला. त्यांनी गोळी सांगितली आणि दोन दिवस खाटेवरून उठायचं नाही म्हणून बजावलं. भावाला फोन करायला मी नंबर काढला आणि फोन खाली ठेवला. हे बरोबर केलं का, मला आजही माहीत नाही. काही बरंवाईट झालं असतं तर मी कुणाला तोंड दाखवलं नसतं. पण फोन केला असता तर तो त्याच दिवशी निघाला असता.

त्यांची खाट मी माझ्या टेबलाशेजारी ओढून घेतली. उठू नका म्हटल्यावर त्यांना बघण्यासारखं दुसरं काही उरलं नाही, म्हणून ते माझा पडदा बघत बसले. पहिला दिवस असाच गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी कोपऱ्यातल्या आकड्याकडे बोट केलं.

"हे चौसष्ट काय होय?"

"बॅटरी. शंभर म्हनजे भरली."

काही वेळाने पुन्हा.

"आता अठ्ठावन झाले. चार्जर तं लागून आहे."

"लागून आहे. पन हे जितकं खाते, तितकं तो देत नाही."

"अन् बंद केलं की?"

"मंग भरते. हळूहळू."

ते वर छपराच्या लाकडांकडे बघत राहिले. मला वाटलं डोळा लागला. मी एक पान संपवलं. मग ते म्हणाले, "मंग हे मोटरवानी नाही. हे आपल्या विहिरीवानी आहे."

मी टाइप करायची थांबले.

आमची शेतातली विहीर खडकातली आहे. झरा करंगळीएवढा. मोटर लावली की पाऊण तासात पाणी तळाला जायचं आणि मोटर हवा घ्यायला लागायची. मग बंद करायची, विहिरीच्या काठावर बसायचं, आणि दुसऱ्या पायरीपर्यंत पाणी चढलं की पुन्हा सुरू. बाजूच्या शेतकऱ्याने त्याच्या तसल्याच विहिरीवर चिडून मोठी मोटर बसवली, तर तिने पाऊण तासाचं पाणी वीस मिनिटांत उपसलं, एवढाच फरक पडला. झरा जेवढा येतो तेवढाच येतो. वडिलांनी चाळीस वर्षं त्या विहिरीवर गहू काढला, तो मोटरच्या जोरावर नाही, कधी थांबायचं ते कळण्याच्या जोरावर.

"तू जास्त उपसून राह्यली," ते म्हणाले. "झरा बारीक आहे. त्याचा काय दोष."

व्होल्ट, वॉट आणि अँपिअर घेऊन मला जे त्या भांडणात सांगता आलं नव्हतं ते त्यांनी पडल्या पडल्या सोडवलं होतं. दुकानदारानेही तेच सांगितलं होतं, मीही तेच म्हणत होते, पण आमच्या दोघांच्या सांगण्यात विहीर नव्हती.

त्या दुपारपासून त्यांनी कारभार हातात घेतला. मला एक स्टीलचं ताट उलटं घालून त्यावर चार्जर ठेवायला लावला, म्हणजे ऊब ताटात जाईल. माझ्याकडून दाराच्या आतल्या बाजूला खडूने रेघा ओढून घेतल्या, दिवसाच्या पाळ्या. शेतीच्या लाइनला जशा पाळ्या असतात तशाच. शंभर झाले की सुरू, पंचवीस झाले की बंद.

"पंचवीसच्या खाली नाही जायचं," ते म्हणाले. "तळचा गाळ कायले उपसाचा?"

दर थोड्या वेळाने विचारायचे, "ठेवलं का?" म्हणजे सेव्ह केलं का. मी जन्मात कधी इतक्या वेळा सेव्ह केलं नसेल. अधूनमधून उलटा हात चार्जरला लागायचा. पण आता प्लग निघत नव्हता. "बरा आहे," एवढंच म्हणायचे.

लॅपटॉप बंद असायचा तेव्हा मी भांडी घासायला, पाणी भरायला उठायचे. दुसऱ्याच दिवशी त्यांनी अडवलं.

"विहीर भरते तवा मानूस बी बसते. बस थोडी."

मी खाटेच्या पायथ्याशी बसले आणि ते आडवे झाले. दोन दिवसांची सक्ती संपली होती, त्यांना उठायला मोकळीक होती, तरी आडवे झाले. मी मनात मोजलं. त्या दिवशी चार वेळा. दुसऱ्या दिवशी चार वेळा. आठवडा झाला तरी लॅपटॉप मिटला की तेही आडवे होत होते आणि तो उघडला की उठून परसात, गोठ्यात, पारावर जाऊन येत होते. मी हे बोलून दाखवलं नाही. बोलले असते तर ते ताबडतोब उठून बसले असते, एवढं त्यांच्या हाताखाली वाढल्यामुळे मला कळतं.

त्या तासाभरात आम्ही बोलायचो, किंवा नाही बोलायचो. एकदा ते आढ्याकडे बघत म्हणाले, "डॉक्टरनं पस्तीस सांगतले होते ना?"

"हो."

"म्हनजे अजून पंचवीसच्या वर आहो."

मी हसले, तेही हसले, आणि मग मला स्वयंपाकघरात जावं लागलं. रडू येत होतं. ते कशाला लपवायचं.

दुसऱ्या एका दुपारी, मधेच, काही विषय नसताना म्हणाले, "आयटीआयले पाठवाले पाहिजे होतं तुले." मी म्हटलं, जाऊ द्या. त्यांनी जाऊ दिलं. तीस वर्षं मनात धरलेली गोष्ट एवढ्यात मिटते असं नाही, पण त्यानंतर ती मला पुन्हा टोचली नाही.

पुस्तक चौदा तारखेला गेलं. गावात नेट नीट लागत नाही, म्हणून फाइल पाठवायला पाण्याच्या टाकीजवळ मोबाइल धरून उभी राहिले. नाताळात भाऊ आला, गाडी घेऊनच. तीन दिवस राहिला. दारावरच्या खडूच्या रेघा बघून आधी हसला, मग दुसऱ्या दिवशी दुपारी वडील आपणहून आडवे झालेले बघून माझ्याकडे बघायला लागला. मी खूण केली, बोलू नको. जाताना त्याच्या गाडीच्या मागच्या सीटवर तुरीच्या शेंगांची पिशवी होती, आणि वडील अंगणात उभे राहून त्याला हात हलवत होते.

जानेवारीत दुकानदाराचा फोन आला. नव्वदचा आला होता. त्याने तो काळीपिवळीच्या ड्रायव्हरकडे दिला, ड्रायव्हरने आमच्या फाट्यावर माझ्या हातात ठेवला. घरी आले तेव्हा वडील न्हाणीत होते. मी खोकं फोडलं, चार्जर लावला, यंत्र सुरू केलं. सूचना आली नाही. अक्षरं बोटांबरोबर उमटायला लागली. मी काम करत होते आणि तरी आकडा चढत होता, एकसष्ट, बासष्ट, त्रेसष्ट. दहा मिनिटं मी खरोखर खूश होते. किती दिवसांनी मला माझा वेग परत मिळाला होता.

आकडा सत्तरवर गेला आणि मग माझ्या लक्षात आलं, की आता हा लॅपटॉप दिवसभर मिटायची गरज नाही.

न्हाणीचं दार वाजलं. मी पडदा अर्धा मिटला, नव्वदचा ओढून काढला, पासष्टचा लावला, ताटावर ठेवला. वडील टॉवेलने कान पुसत आले. चष्मा घातला नव्हता.

"किती झाले?"

"सव्वीस," मी म्हटलं.

"मंग कर बंद." आणि ते खाटेवर आडवे झाले.

नव्वदचा मी त्याच संध्याकाळी आईच्या लोखंडी पेटीत, गोधड्यांच्या खाली ठेवून दिला. दुकानदाराला कळवलं, मस्त चालतो. छापखानेवाले म्हणत होते, ताई, जरा स्पीड वाढवा. मी म्हणत होते, यंत्र जुनं आहे हो. वडिलांशी इतकं साफ खोटं मी कॉलेजातही बोलले नव्हते. दिवसातून चार वेळा बोलत होते, आणि झोप छान लागत होती.

होळीला आठ दिवस उरले असतील. मी यवतमाळला परत जायचं की राहायचं, याबद्दल कुणी बोलत नव्हतं. दुपारची पाळी होती. मी टाइप करत होते, वडील खाटेवर भिंतीला टेकून बसलेले, चष्मा घातलेला. पडद्याचा कोपरा त्यांच्यासमोर होता.

"आईच्या पेटीत उंदीर शिरला होता," ते म्हणाले.

माझी बोटं थांबली.

"खालची गोधडी कुरतडली. तुह्या त्या नव्या चार्जरचं वायर वाचलं थोडक्यात. म्या वरच्या फळीवर ठेवला, डब्यात घालून."

"कवा?"

"झाले असतीन पंधरा-वीस दिवस."

मी मान वर केली नाही. पंधरा-वीस दिवस, दिवसाला चार वेळा. तितक्या वेळा त्यांनी मला आकडा विचारला होता, तितक्या वेळा मी सांगितला होता, आणि तितक्या वेळा ते काही न बोलता आडवे झाले होते.

पडद्यावर तेव्हा चव्वेचाळीस होते. त्यांना ते स्वच्छ दिसत होते.

"किती झाले?" त्यांनी विचारलं.

"सव्वीस."

"ठेवलं का?"

"ठेवलं."

"मंग कर बंद," ते म्हणाले, आणि मला बसायला जागा व्हावी म्हणून भिंतीकडे थोडे सरकून आडवे झाले.